चंद्राच्या रेखाटनांसाठी स्वतःचे संकेतस्थळ : उभारणी कशी करावी आणि पुढे ते कसे सांभाळावे?

कोरी पाटी

नमस्कार. लहान दुर्बिणीतून चंद्र पाहणे आणि दिसलेल्या विवरांची पेन्सिलीने रेखाटने काढणे हा माझा जुना छंद आहे. प्रत्येक रेखाटनाखाली तारीख, वेळ, वापरलेली नेत्रिका, हवेची स्थिरता आणि त्या रात्रीची चंद्रकला यांची नोंद असते. या वह्यांतील निवडक रेखाटने आणि नोंदी स्वतःच्या संकेतस्थळावर मांडाव्यात, असे बरेच दिवस मनात आहे. समाजमाध्यमांवर मी काही काळ ती टाकत होते; परंतु तिथे आज टाकलेले चित्र आठवडाभरात इतके खाली जाते की कोपर्निकस विवराचे सूर्योदयाच्या वेळचे आणि भर माध्यान्हीचे रेखाटन शेजारीशेजारी ठेवून पाहायचे झाले, तर ते मला स्वतःलाही साधत नाही, आणि माझ्या नोंदींचा खरा उपयोग तर या तुलनेतच आहे.

मी संगणक क्षेत्रातली नाही. एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचा मजकूर आणि त्याचे रूप लिहिण्याच्या भाषा) यांची तोंडओळख आहे, एखादे पान बघून बघून लिहिता येते, एवढेच. वर्डप्रेस ही स्थळ चालवण्याची तयार प्रणाली वापरावी, तयार साचे देणाऱ्या एखाद्या सेवेवर सगळे सोपवावे, की पाने हाताने लिहावीत, याबद्दल जितक्या जणांना विचारले तितकी मते मिळाली. स्वतःचे डोमेन, म्हणजे स्थळाचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेणे छंदापुरत्या स्थळाला आवश्यक आहे का, हेही ठरत नाही.

मात्र उभारणीपेक्षा मला चिंता आहे ती त्यानंतरची. ढगाळ हंगामात माझे निरीक्षण थांबते आणि लिखाणही थांबते. अशा वेळी पाच-सहा महिने मी स्थळाकडे फिरकले नाही, तरी ते जसेच्या तसे उभे राहिले पाहिजे. अनेक वर्षे असे स्थळ सांभाळणाऱ्यांनी आपला अनुभव आणि त्यामागची कारणे सांगितली, तर निवड करणे सोपे जाईल.

बोरू

तुमच्या प्रश्नाचा शेवट मी आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. कोणी हात न लावताही संकेतस्थळ का बिघडते, हे एकदा लक्षात आले की निवडीचा घोळ बराच कमी होतो. सर्व्हरवर ठेवलेली साधी एचटीएमएल फाइल हा केवळ मजकूर असतो. वाचकाने पत्ता उघडला की सर्व्हर ती फाइल आहे तशी पाठवतो आणि मांडणीचे काम वाचकाचा ब्राउझर करतो. तुमच्या बाजूने चालणारा कोणताही प्रोग्राम यात नसल्यामुळे जुने होण्यासारखे किंवा फोडून आत शिरण्यासारखे फारसे काही उरत नाही. वर्डप्रेससारख्या डेटाबेसवर चालणाऱ्या व्यवस्थेत मात्र पान मागणी आल्यावर तयार होते. त्यासाठी पीएचपीसारखी भाषा, डेटाबेस, मुख्य प्रणाली, तिची रूपसज्जा आणि जोडलेली प्लगइन (जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम) या साऱ्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत्या असाव्या लागतात, आणि प्रत्येकीचे अपडेट आपापल्या वेळी येते. पाच-सहा महिने दुर्लक्षित राहिलेल्या स्थळाचे दुखणे बहुधा इथे सुरू होते.

साध्या पानांच्या टिकाऊपणाविषयी शंका वाटत असेल, तर टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेतून जगापुढे आणलेले पहिले संकेतस्थळ उघडून पाहावे. त्याची १९९२ मधील प्रत सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध केली, आणि फोनवर संकेतस्थळ पाहण्याची सोय नसताना लिहिलेले ते पान आजच्या फोनवर वाचता येते. त्यानंतर आलेल्या आणि गाजलेल्या कितीतरी गोष्टी, उदाहरणार्थ फ्लॅश, आता कोणत्याही प्रमुख ब्राउझरमध्ये चालत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिली वीस-पंचवीस पाने हातानेच लिहावीत. एक पान मनासारखे झाले की त्याची प्रत काढून मजकूर बदलायचा. कंटाळवाणे काम एकच राहते: वरची शीर्षपट्टी आणि दुव्यांची यादी प्रत्येक पानात पुन्हा पुन्हा येते, आणि तीत एक शब्द बदलायचा झाला तरी सगळी पाने उघडावी लागतात. हा त्रास असह्य होईल तेव्हाच स्थिर पाने तयार करणाऱ्या साधनाकडे वळावे. जेकिल हे साधन २००८ पासून आणि ह्यूगो २०१३ पासून उपलब्ध आहे. यांत मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे जवळजवळ साध्या लिखाणातच, लिहिला जातो आणि साधन त्यापासून तुमच्याच संगणकावर एचटीएमएल पाने तयार करून देते; सर्व्हरवर जातात ती केवळ तयार पाने. ह्यूगो ही एकच सुटी फाइल असते, त्यामुळे जी आवृत्ती वापरून स्थळ पहिल्यांदा नीट तयार झाले, तीच आवृत्ती मजकुराच्या फोल्डरशेजारी जपून ठेवावी. नवी आवृत्ती आली म्हणून घेण्याची काही गरज नसते, आणि नव्या आवृत्तीत जुना साचा न चालल्याने एक संध्याकाळ वाया जाणे हा या साधनांचा नेहमीचा दोष आहे.

डोमेनच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे: ते घ्यावे. फाइलींच्या प्रती कितीही काढता येतात, पत्त्याची प्रत काढता येत नाही. जिओसिटीज ही फुकट पाने देणारी सेवा १९९४ मध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. तिथे ज्यांची पाने होती त्यांच्यापैकी अनेकांकडे मूळ फाइली असतीलही, पण इतरांनी त्या पानांना दिलेले सर्व दुवे एका दिवसात निकामी झाले. स्वतःचे डोमेन असेल तर आज एका होस्टिंग सेवेवर (फाइली ठेवायला सर्व्हरवर जागा देणाऱ्या सेवेवर) असलेले स्थळ उद्या दुसऱ्या सेवेवर हलवले, तरी वाचकाला ते कळतही नाही. त्याच कारणासाठी डोमेनची नोंदणी आणि होस्टिंग ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे बरे. डॉट कॉम, डॉट नेट यांसारख्या सामान्य डोमेनांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी करता येते. नूतनीकरणाच्या सूचना ज्या ईमेलवर येतात, तो ईमेल त्याच डोमेनवरचा असू नये. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना पोहोचत नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणी सांगत नाही. आकर्षक दिसते म्हणून भलत्याच देशाचा संकेत असलेले डोमेनही घेऊ नये. प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात, आणि युगोस्लाव्हिया राहिला नाही तेव्हा त्याचे डॉट वाययू हे डोमेनही अखेरीस २०१० मध्ये बंद करण्यात आले.

आता रचनेकडे येतो, कारण तुमच्या कामात खरी गंमत तिथे आहे. ब्लॉग म्हटले की सर्वांत नवे सर्वांत वर, हा क्रम गृहीत धरला जातो, आणि समाजमाध्यमांवरची जी अडचण तुम्ही सांगितली ती थोड्या सौम्य रूपात तिथेही असते. तुमच्या नोंदींचा विषय दिवस नसून विवर आहे. तेव्हा कोपर्निकसचे एक पान, टायकोचे एक पान, प्लेटोचे एक पान अशी मांडणी करावी, आणि प्रत्येक पानावर त्या विवराची रेखाटने चंद्राच्या वयाप्रमाणे, म्हणजे अमावास्येनंतर उलटलेल्या दिवसांप्रमाणे लावावीत, तारखेप्रमाणे नव्हे. प्रकाशाची जवळपास तीच स्थिती साधारण २९.५ दिवसांनी पुन्हा येते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचे आणि गेल्या महिन्यातले रेखाटन एकमेकांशेजारी येऊन बसेल, आणि सूर्य विवराच्या कडेवर येत असताना मध्यवर्ती शिखरे कशी उजळतात, हे एका पानावर क्रमाने दिसेल. अशी पाने कधीच पूर्ण होत नाहीत. जुन्याच पानात भर पडत राहते. वर्षभर काही लिहिले नाही तरी असे स्थळ ओस पडल्यासारखे दिसत नाही, जो भास तारखांनी सुरू होणाऱ्या ब्लॉगवर पहिल्या दृष्टिक्षेपात होतो. ज्यांना नवे काय आले ते पाहायचे आहे, त्यांच्यासाठी एक वेगळे पान ठेवून त्यावर भर घातल्याची तारीख आणि दुवा एवढेच द्यावे.

पत्ते ठरवताना घाई करू नये. १९९८ मध्ये बर्नर्स-ली यांनीच असे मांडले होते की पत्ते आपणहून बदलत नाहीत, ते माणसे बदलतात. पत्त्यात वर्ष, वर्गवारी किंवा वापरलेल्या साधनाची खूण असली की पुढे मांडणी बदलताना तो मोडावासा वाटतो. विवराचे नाव एवढाच पत्ता असेल तर तो बदलण्याचे कारण सहसा येत नाही.

निळी शाई

बोरू यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, तरी वर्डप्रेसची बाजूही मांडली जावी असे वाटते. त्यांनी स्थळ कशाने बिघडते ते सांगितले. परंतु माझ्या पाहण्यात छंदाची अधिक स्थळे बिघडण्याआधी लेखकाच्या कंटाळ्याने थांबलेली आहेत. निरीक्षण आटोपून रात्री उशिरा घरात आलेल्या माणसाला संगणक सुरू करून, फाइल संपादित करून, पाने पुन्हा तयार करून ती सर्व्हरवर चढवावी लागत असतील, तर दहापैकी सात वेळा तो ते उद्यावर टाकतो. फोनवरून दोन ओळी लिहून चित्र जोडता येणे याला या कामात फार मोल आहे, आणि वर्डप्रेसमध्ये ती सोय पहिल्या दिवसापासून मिळते. शोधाची सोय आयती असते, चित्रांच्या लहान-मोठ्या प्रती आपोआप तयार होतात.

वर्डप्रेस २००३ पासून आहे आणि जगातील संकेतस्थळांचा फार मोठा हिस्सा त्यावर चालतो. मुख्य प्रणालीच्या सुरक्षेसंबंधीच्या लहान सुधारणा २०१३ पासून आपोआप लागू होतात. घुसखोरीच्या ज्या बातम्या येतात, त्यांच्या मुळाशी बहुतेकदा एखादे दुर्लक्षित प्लगइन किंवा सोपा पासवर्ड असतो. तेव्हा प्लगइन शक्यतो घालूच नयेत, घातली तर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच घालावीत, आणि प्रणालीसोबत येणारी मूळ रूपसज्जाच वापरावी. असे साधे ठेवलेले वर्डप्रेस पाच-सहा महिन्यांच्या अनुपस्थितीने कोलमडत नाही. डेटाबेसचा बॅकअप मात्र केवळ होस्टिंग सेवेवर सोडू नये, तो स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावा.

ज्या सेवांमध्ये चित्रे ओढून हव्या त्या जागी ठेवायची असतात आणि पान तयार होते, त्यांच्यापासून मात्र मीही लांब राहीन. त्यांतील अनेक सेवांमधून स्थळ पूर्णपणे बाहेर काढून दुसरीकडे नेण्याची सोय नसते, असली तरी अर्धवट असते. मजकूर हाती लागतो आणि मांडणी तिथेच राहते. कोणतीही सेवा निवडण्याआधी तिच्या मदतपानांवर बाहेर पडण्याची पद्धत शोधावी. ती दहा मिनिटांत सापडली नाही, तर तेच उत्तर समजावे.

कोरी पाटी

दोघांचेही मनापासून आभार. विवरानुसार पाने ही कल्पना मला फारच पटली; इतके दिवस मी ब्लॉगच्याच चौकटीत विचार करत होते. रात्री रेखाटनाची वही मिटल्यावर मी लगेच काही लिहीत नाही, नोंदी नीट उतरवण्याचे काम दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसूनच होते, त्यामुळे फोनवरून लिहिण्याची सोय नसली तरी चालेल असे वाटते.

आणखी एक विचारते. सगळा मजकूर मराठीत असणार आहे. देवनागरी पानांसाठी वेगळी कोणती काळजी घ्यावी लागते का, आणि पत्तेही देवनागरीत ठेवावेत का?

अर्धविराम

हा भाग माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली अट म्हणजे फाइल यूटीएफ-८ या स्वरूपात जतन झालेली असावी आणि पानाच्या अगदी आरंभी तसे जाहीर केलेले असावे. ही घोषणा पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत यावी असा एचटीएमएलचा नियम आहे, म्हणून ती शीर्षकाच्याही वर लिहिण्याची सवय चांगली. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत रुळण्यापूर्वी मराठी स्थळे स्वतःच्या खास फॉन्टवर अवलंबून असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी लॅटिन अक्षरांची निरर्थक रांग दिसत असे आणि शोधयंत्रालाही त्यातून काही कळत नसे. तुमच्या जुन्या नोंदी अशा एखाद्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासूनच चढवाव्यात; रूपांतर करणारी साधने नेमकी तिथेच चुकतात.

पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलच्या मूळ खुणेतच सांगावे. स्क्रीनवरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांना त्यामुळे योग्य उच्चार निवडता येतो, आणि ज्या फॉन्टांत सोय केलेली असते त्यांत ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. फॉन्ट निवडायचा तर मुक्त परवान्याचे मुक्ता, नोटो सान्स देवनागरी आणि तिरो देवनागरी मराठी हे तीनही चांगले आहेत; लांब मजकुरासाठी मला तिरो अधिक भावतो. फॉन्टची फाइल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवावी. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल लॅटिनच्या मानाने मोठी असते, म्हणून एकच फॉन्ट आणि फार तर दोन वजने (अक्षरांच्या जाड्या) एवढ्यावर थांबावे. खरे तर फॉन्ट न जोडता वाचकाच्या यंत्रावर असेल तोच वापरू दिला तरी आजकाल पान देखणे दिसते.

सीएसएसचे बहुतेक तयार साचे लॅटिन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात, आणि त्याचे परिणाम आपल्याला भोगावे लागतात. अक्षरांमधील अंतर वाढवणारा गुणधर्म शीर्षकांना हमखास लावलेला असतो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, म्हणून तो शोधून शून्य करावा. ओळींमधील अंतर लॅटिनसाठी अक्षराच्या उंचीच्या दीडपट पुरते, आपल्याकडे वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा लागते, त्यामुळे १.७ च्या आसपास ठेवले की वाचन सुखाचे होते. तिरप्या अक्षरांची परंपरा देवनागरीला नाही. भर द्यायचा असेल तिथे ठळक अक्षर वापरावे.

आता पत्त्यांविषयी. पत्ता देवनागरीत ठेवता येतो आणि ब्राउझरच्या पट्टीत तो देखणाही दिसतो, पण आतून त्याचे रूप निराळे असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे ‘चंद्र’ या शब्दातील च, अनुस्वार, द, हलंत आणि र ही पाच चिन्हे मिळून पत्त्यात ४५ अक्षरे होतात. हा पत्ता ईमेलमध्ये किंवा संदेशात चिकटवला की अनेकदा टक्क्यांची ती लांबलचक माळच समोरच्याला दिसते, आणि कधी मध्येच तुटून दुवा निकामी होतो. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि र अधिक नुक्ता (खालचा ठिपका) असे सुटेही. काही संगणकप्रणाली फाइलच्या नावात ते सुटे करून ठेवतात. सर्व्हर नावे बाइटशः जुळवून पाहत असल्यामुळे ‘दऱ्या’ नावाची फाइल डोळ्यांना समोर दिसत असूनही पान सापडले नाही असा ४०४ चा निरोप येतो. चंद्रावरील दऱ्यांची पाने तुमच्याकडे असणारच, म्हणून हे मुद्दाम सांगितले. फाइलींची नावे आणि पत्ते लॅटिन छोट्या अक्षरांत ठेवावेत, शीर्षक आणि सारा मजकूर निःसंकोच मराठीत असावा. विवरांची आंतरराष्ट्रीय नावे लॅटिनमध्ये ठरलेलीच असल्यामुळे तुम्हाला लिप्यंतराचा प्रश्नही पडणार नाही.

धागादोरा

आतापर्यंतच्या चर्चेत वाचकांचा विचार कमी आला आहे, म्हणून तेवढीच भर घालते. नवे पान आल्याचे वाचकाला कळावे यासाठी आरएसएस फीड, म्हणजे नव्या पानांची यादी वाचकाच्या साधनाला पुरवणारी फाइल, ठेवावी. १९९९ मध्ये सुरू झालेले हे तंत्र गूगल रीडर ही फीड वाचण्याची सेवा २०१३ मध्ये बंद झाल्यावर संपले अशी समजूत आहे, परंतु पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात आणि फीड वाचणारे लोक संख्येने थोडे असले तरी चिकाटीचे असतात. ह्यूगो आणि वर्डप्रेस दोन्ही ती आपोआप तयार करतात. हाताने लिहायची झाली तरी ती एकच मजकूरफाइल असते.

प्रतिक्रियांची चौकट पानाखाली ठेवू नये, असे माझे मत आहे. ती ठेवली की रोज जाहिरातींचा केर काढावा लागतो, आणि पाच-सहा महिने कोणी फिरकणार नसेल तर त्या केराखाली पान दिसेनासे होते. ईमेलचा पत्ता द्यावा. पत्र लिहिण्याचे कष्ट घेणारा वाचक बहुधा काहीतरी सांगण्यासारखे घेऊनच येतो. त्याच विषयाची इतरांची चांगली स्थळे आपल्या एका पानावर नोंदवून त्यांना तसे कळवावे; छंदाच्या स्थळांना शोधयंत्रापेक्षा अशा दुव्यांवरून येणारे वाचक अधिक लाभतात. वाचकसंख्या मोजणारी साधने मी लावत नाही. आकडा दिसू लागला की कोणत्या विवरावर लिहायचे हे तो ठरवू लागतो.

माहिती गोळा करत फिरणाऱ्या यंत्रांना अडवण्यासाठी रोबोट्स नावाची एक मजकूरफाइल ठेवण्याची प्रथा १९९४ पासून आहे आणि २०२२ मध्ये ती रीतसर मानक झाली. तरीही ती विनंतीच आहे, ती पाळणे समोरच्याच्या मर्जीवर असते. अजिबात कोणाच्या हाती पडू नये असे जे वाटते, ते स्थळावर ठेवूच नये.

यातच एक महत्त्वाची गोष्ट येते. तुम्ही दुर्बिणीची किंवा निरीक्षणाच्या जागेची छायाचित्रे फोनने काढून चढवणार असाल, तर त्या फाइलींमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. निरीक्षण घरूनच होत असेल तर तो थेट घराचा पत्ता झाला. चढवण्यापूर्वी ही माहिती काढून टाकावी, आणि फोनच्या कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद करावी. वर्डप्रेससारख्या काही व्यवस्था मूळ फाइलही सर्व्हरवर राखून ठेवतात, म्हणून हे काम आपल्याच संगणकावर उरकलेले बरे.

कोरी पाटी

जागेच्या नोंदीचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. सगळ्यांचे वाचून असे ठरवते आहे: डोमेन घ्यायचे, पत्ते लॅटिनमध्ये ठेवायचे, पहिली पाने हाताने लिहायची आणि संख्या वाढली तर ह्यूगो पाहायचे. दोन शंका उरल्या. रेखाटने स्कॅन केल्यावर फाइली फार मोठ्या होतात, त्यांचे काय करावे? आणि रेखाटने इतरांनी वापरण्याबद्दल काही लिहून ठेवावे का?

बोरू

स्कॅन ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) करून मूळ टिफ फाइली घरीच ठेवाव्यात, स्थळावर त्या जाऊच नयेत. स्थळासाठी साधारण १६०० पिक्सेल रुंदीची जेपेग किंवा वेबपी प्रत पुरते. पेन्सिलीचे काम असल्यामुळे रंग काढून करड्या छटांत जतन केले तर आकार आणखी उतरतो, पण कागदाचा पिवळसरपणा आवडत असेल तर तो खुशाल राहू द्यावा. दाब (कॉम्प्रेशन) वाढवून फाइल फार लहान करण्याचा मोह टाळावा. जेपेगमध्ये सर्वांत आधी बिघडतात त्या पेन्सिलीच्या बारीक छटा, आणि विवराच्या उतारावरची सावली तर त्याच छटांत असते. एचटीएमएलमध्ये चित्राची रुंदी आणि उंची लिहून ठेवावी, म्हणजे चित्र उतरत असताना मजकूर खालीवर उडत नाही. चित्र न दिसणाऱ्या वाचकासाठी पर्यायी मजकूरही लिहावा, आणि त्यात ‘रेखाटन’ एवढेच न लिहिता सावली कोणत्या कडेला होती हे एका वाक्यात सांगावे. ते वाक्य तुमच्या वहीत बहुधा तयारच असेल.

बॅकअपसाठी तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा संकेत पुरेसा आहे. सर्व्हरवरील प्रत या मोजणीत धरू नये, कारण तिथे टिफ फाइली नसतील. शिवाय जुनी पाने साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आपले पान स्वतःच जतन करण्याची सोय आहे, वर्षातून एकदा ती वापरावी. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून २०१५ पासून फुकट मिळते. त्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते, म्हणून ते आपोआप नवे करून देणारीच होस्टिंग सेवा निवडावी. हाताने नूतनीकरण करावे लागणारी सेवा असेल, तर पाच-सहा महिन्यांच्या विश्रांतीत स्थळ असुरक्षित असल्याची सूचना वाचकांना दिसू लागेल.

अर्धविराम

वापराच्या परवान्याबद्दल मी सांगतो. काहीच लिहिले नाही तरी स्वामित्वहक्क तुमचाच राहतो, परंतु शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला चित्र दाखवायचे असेल तर त्याला परवानगी आहे की नाही हे कळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. श्रेय देऊन, व्यावसायिक वापर वगळून चित्र वापरू देणारा त्यांतील प्रकार तुमच्या कामाला योग्य वाटतो. मात्र एकदा दिलेला हा परवाना ज्यांनी ती प्रत घेतली त्यांच्यापुरता मागे घेता येत नाही. तेव्हा या रेखाटनांचे पुढे पुस्तक वगैरे करण्याचा विचार असेल, तर तूर्त ‘वापरण्यापूर्वी ईमेल करावा’ एवढेच लिहावे आणि परवान्याचे सावकाश ठरवावे. ही ओळ स्थळाच्या तळाशी न ठेवता प्रत्येक रेखाटनाखालच्या नोंदीतच असावी, कारण शोधयंत्रातून येणारा माणूस बहुतेक वेळा चित्रापाशी उतरतो आणि पानाच्या तळापर्यंत जात नाही.